रिपोर्टातले ३४ टक्के म्हणजे बाळाचे ३४ टक्के नव्हेत

(पत्र जरा छोटं करून देतेय, नाव काढलंय.)

"मावशी, मी ३६ ची, घणसोलीला राहते, ऐरोलीला आयटीत आहे. मिस्टर ४१ चे, रबाळे एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात, काम भट्टीपाशी. दीड वर्षात माझे दोन गर्भपात झाले, एक सातव्या आठवड्यात आपोआप आणि दुसऱ्या वेळी नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत हार्टबीटच सापडले नाहीत म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. आता मिस्टरांच्या शुक्राणूंची डीएनए फ्रॅगमेंटेशन, म्हणजे तुटफुटीची, टेस्ट करायला लावली, ३४ टक्के आलं, पुढे लाल अक्षरात 'हाय' लिहिलंय. त्यांना सप्टेंबरात डेंग्यू झाला होता, त्यातून उठून महिन्याभरात शटडाऊनच्या कामाला गुजरातेत दहेजला गेले, दहा-बारा दिवसांनी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी सॅम्पल दिलं. रिपोर्ट आल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. आईला सांगू नकोस म्हणतात, आणि सासूबाई मला ऐकवतात की करिअर करत बसलीस, उशीर तूच केलास. सेंटरवाले म्हणतात थेट आयव्हीएफ करा, एम्ब्रियोची जेनेटिक टेस्ट करा, वर तीन महिन्यांचं अँटिऑक्सिडंटचं पॅकेज दिलंय. पहिल्या वेळी दिवस गेलेत हे कळायच्या आधी कंपनीच्या मेडिकलमध्ये माझा छातीचा एक्स-रे निघाला होता, त्यानं झालं असेल का? समोरच्या बिल्डिंगवर मोबाईल टॉवरही आहे. मुख्य प्रश्न हा की डीएनएच तुटलेला असेल तर होणारं बाळ धड कसं असेल? पुन्हा चान्स घ्यायचा का?"

अगं, आधी त्या ३४ चं बघू, कारण तुम्ही दोघांनी तो आकडा चुकीचा वाचलाय आणि तुमच्यासारखं शंभरातले नव्वद जण वाचतात, रिपोर्ट छापणारे ते समजावून सांगायचे कष्ट घेत नाहीत हा माझा जुना राग आहे. ३४ टक्के म्हणजे प्रत्येक शुक्राणूतला ३४ टक्के डीएनए तुटलाय असं नाही. मोजलेल्या शंभरांपैकी ३४ शुक्राणूंमध्ये तुटफूट दिसली, बाकीच्या ६६ मध्ये या टेस्टला दिसेल अशी दिसली नाही, एवढंच. आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये ही टेस्ट कशी करतात सांगते, म्हणजे भीती जरा कमी होईल. काचेच्या स्लाइडवर जेलीसारख्या ॲगरोजमध्ये शुक्राणू बसवतात, वरून ॲसिड, मग त्यातली प्रोटीन काढून टाकणारं द्रावण, मग रंग. ज्याचा डीएनए धड आहे तो सैल सुटून डोक्याभोवती पसरतो आणि गोल कडं दिसतं, ज्याचा तुटलेला आहे त्याच्याभोवती कडं एवढंसं किंवा नाहीच. मग कुणीतरी टेक्निशियन मायक्रोस्कोपला डोळा लावून काहीशे डोकी मोजते, कडं आहे, कडं नाही, आहे, आहे, नाही. यातले सगळे शुक्राणू त्या ॲसिडात मेलेले असतात. म्हणजे ज्या शुक्राणूपासून तुमचं बाळ होईल त्याची टेस्ट कुणीच केलेली नसते आणि करताही येत नाही. ३० टक्क्यांच्या वर 'हाय' हे कटऑफ बरेच जण वापरतात, पण टेस्टची पद्धत बदलली की आकडा बदलतो, लॅब बदलली तरी थोडाफार हलतो.

आता तू सहज लिहून गेलीस त्या दोन गोष्टी, डेंग्यू आणि दहेज. मला तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं आणि सॅम्पल घेताना हे कुणी विचारलं होतं का याची मला शंका आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडायच्या नळीतला प्रवास, म्हणजे आज दिलेल्या सॅम्पलमध्ये जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीपासूनचा हिशोब असतो. मोठा ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने हा आकडा चढलेला असू शकतो, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड राहायचं असतं आणि डेंग्यूचा १०३-१०४ ताप त्यांना मानवत नाही. दुसरं, सॅम्पलआधी दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवा असं जागतिक आरोग्य संघटनेचं मॅन्युअल सांगतं. इथे दहा-बारा दिवस माणूस दहेजला, आल्याच्या दुसऱ्या दिवशी सॅम्पल, तू मधल्या रात्रीचं काही लिहिलेलं नाहीस म्हणून मी धरून चालते की गॅप चांगलाच लांबला. जास्त दिवस साठून राहिलेल्या शुक्राणूंचा डीएनए तिथेच पडून खराब होत जातो. म्हणजे तापाचं सॅम्पल, तेही शिळं. या रिपोर्टवर मी तरी आयव्हीएफचा निर्णय घेतला नसता.

पण समजा पुन्हा केली आणि तरी ३४ च आलं, किंवा ४० आलं, तर तुझा मुख्य प्रश्न उरतोच की तुटलेल्या डीएनएतून धड बाळ कसं होणार. तर ऐक, यात जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

डीएनएला इजा होणं ही रोजची गोष्ट आहे, तुझ्या एकेका पेशीत दिवसाला हजारोंनी इजा होतात, काही उन्हानं, काही सिगरेटच्या धुरानं, पण बऱ्याचशा नुसत्या पाण्यानं आणि आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजननं. पेशी त्या दुरुस्त करत बसते. ही दुरुस्ती कशी चालते हे शोधल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिक आणि सँकार या तिघांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. पण दुरुस्तीची चर्चा जेवढी होते तेवढी दुसऱ्या एका गोष्टीची होत नाही, ती म्हणजे सहन करणं. प्रत्येक इजा लगेच दुरुस्त होत नाही, पेशीकडे तेवढा वेळ नसतो. अशा वेळी ती इजा तशीच ठेवून पुढे जाते. आपल्या ट्रान्स हार्बरवर रूळ कुठे खराब सापडला तर दर वेळी ठाणे-वाशी बंद करत नाहीत, मोटरमनला कॉशन ऑर्डर देतात, गाडी त्या तुकड्यावरून हळू काढतात आणि खरं काम रविवारच्या मेगाब्लॉकला करतात, तसंच. डीएनएची कॉपी काढणारं नेहमीचं यंत्र इजेपाशी येऊन अडकतं, कारण ते भलतं काटेकोर आहे, समोरचं अक्षर नीट बसलं नाही तर पुढे सरकतच नाही. मग रॅड१८ नावाचं प्रोटीन तिथे एक खूण लावतं, ती खूण बघून वेगळी, ढिली यंत्रं येतात, पॉल ईटा, रेव्ह१, पॉल झीटा अशी त्यांची नावं, ती तेवढी दोन-चार अक्षरं कशीबशी ओढून नेतात आणि पुन्हा नेहमीच्या यंत्राच्या हातात देतात. ओढताना कधी एखादं अक्षर चुकीचं बसतं. ती किंमत मोजूनच हे चालतं.

आता शुक्राणूचं बघ. पूर्ण तयार शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती करताच येत नाही. त्याचा डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रोटीननं इतका घट्ट आवळलेला असतो की वाचणं-लिहिणं सगळं बंद, त्यामुळे जे काही तुटलंय ते घेऊनच तो येतो. दुरुस्तीचं सामान असतं स्त्रीबीजात. बीजानं पिकता पिकता प्रोटीन आणि त्यांच्या आरएनएचा मोठा साठा करून ठेवलेला असतो, आणि गर्भाचे पहिले दोन-तीन दिवस सगळं त्या साठ्यावर चालतं. माणसाच्या गर्भाची स्वतःची जीन्स चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर चालू होतात, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, हे इंग्लंडमध्ये १९८८ साली दाखवलं गेलं. तोपर्यंत बापाकडून आलेली तुटफूट आईच्या सामानातून जोडली जाते. म्हणून तरुण बीज असलं की बापाचा वाईट रिपोर्टही बऱ्यापैकी भरून निघतो आणि वय वाढेल तसं ते थोडं अवघड होत जातं. ३६ म्हणजे काही म्हातारपण नाही, हे सासूबाईंसाठी नाही, तुझ्यासाठी लिहितेय.

आणि या सुरुवातीच्या गर्भाची गंमत अशी की तो इजा दिसली तरी थांबत नाही. तुझ्या-माझ्या कातडीच्या पेशीत डीएनए खराब झाला की चेकपॉइंट लागतो, विभागणी थांबते, दुरुस्ती होते, मग पुढे. कोवळ्या गर्भात हा चेकपॉइंट जवळजवळ झोपलेला असतो. बेडकाच्या गर्भात हे फार छान बघायला मिळालंय, तिथे पेशी अर्ध्या-अर्ध्या तासाला दुप्पट होतात, थांबायला फुरसत कुठली. फ्रान्समध्ये माँपेलिएच्या लॅबनं २०१५ मध्ये दाखवलं की बेडकाच्या अंड्यात रॅड१८ भरमसाट भरून ठेवलेलं असतं, त्यामुळे इजा झाली तरी ढिली यंत्रं आधीच हजर, कॉपी अडकतच नाही आणि अडकली नाही म्हणून गजर वाजत नाही. पेशी वाढत जातात तसं तेवढंच रॅड१८ जास्त न्यूक्लियसमध्ये वाटलं जाऊन कमी पडायला लागतं आणि तेव्हा कुठे चेकपॉइंट जागा होतो. कृमींच्या गर्भातही चेकपॉइंट असाच दाबून ठेवलेला सापडलाय. आईनं ठरवून दिलेलं आहे हे, की आत्ता धाव, हिशोब नंतर.

(हीच ढिली यंत्रं कॅन्सरच्या पेशीही वापरतात बरं का, सिस्प्लॅटिनसारखी केमो डीएनएला इजा करूनच काम करते आणि काही गाठी ती इजा ओलांडून जगतात. तुमच्या खारघरला ॲक्ट्रेक ही कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथल्या कॅन्सरवाल्यांना रॅड१८ माहीत आहे आणि आयव्हीएफवाल्यांनाही माहीत आहे, पण दोघं क्वचितच एका टेबलावर बसतात.)

माणसाचा गर्भ बेडकाएवढा घाईत नसतो, पहिली विभागणी व्हायलाच एक दिवस लागतो, तरी ढिलाई आहेच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०२२ मध्ये माणसाच्या गर्भात बघितलं की डीएनएची कॉपी काही ठिकाणी पूर्ण व्हायच्या आधीच पेशी विभागायला निघते, मग तिथे डीएनए तुटतो आणि क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचे गुंडाळलेले धागे, उलटेसुलटे वाटले जातात. हे नीट वाच, म्हणजे कसलाही वाईट रिपोर्ट नसलेल्या जोडप्यांच्या गर्भातसुद्धा पहिल्या दिवसांत डीएनए तुटतो, तो कॉपी काढतानाच तुटतो. स्वच्छ, एकही तडा नसलेला गर्भ अशी काही वस्तू जगात नाहीच.

मग एवढं सगळं चालू देऊन बाळं धड कशी होतात? कारण ढिलाई संपली की कडकपणा सुरू होतो आणि तो भयंकर असतो. उंदराच्या गर्भात, रोपण झाल्यावर शरीराचे थर पडायला लागतात त्या दिवसांत, ज्या रेडिएशननं एरवीच्या पेशीला फारसं काही होणार नाही तेवढ्याशा डोसनं गर्भाच्या पेशी मरतात, थांबून दुरुस्ती करायची भानगडच नाही, सरळ बाहेर. हे २००० सालीच दिसलं होतं. क्रोमोसोम चुकलेल्या आणि बरोबर असलेल्या पेशी मिसळून उंदराचा गर्भ केला तर चुकलेल्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि बरोबरच्या त्यांची जागा भरतात, हे २०१६ चं काम. माणसात तसं मिसळून बघता येत नाही, पण इटलीत २०१५ मध्ये १८ बायकांमध्ये असे मिश्र पेशींचे एम्ब्रियो, त्यांच्याकडे दुसरे नव्हतेच म्हणून, सगळं समजावून सोडले गेले आणि त्यातून सहा निरोगी बाळं जन्मली. तोपर्यंत तसे एम्ब्रियो सर्रास टाकून द्यायचे.

पुढच्या पिढीच्या बीजपेशींतही हेच दोन्ही दिसतं, आधी सहन, मग निवड. आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तुझ्याकडे साठ-सत्तर लाख बीजं होती, जन्मताना दहा-वीस लाख उरली आणि वयात येईपर्यंत तीन-चार लाख. उंदरात तरी असं दिसतं की ज्यांचे तुकडे नीट जोडले गेले नाहीत ती बीजं यात काढून टाकली जातात, त्यावर पी६३ नावाचं प्रोटीन नजर ठेवतं. आणि हे तुकडे बाहेरून कुणी केलेले नसतात हं, बीज बनताना पेशी स्वतःच डीएनए शेकडो ठिकाणी कापते, आई-बापाकडचे क्रोमोसोम एकमेकांत अदलाबदल करायला, त्याशिवाय बीजच बनत नाही. केंब्रिजच्या एका लॅबनं २०२४ मध्ये दाखवलं की ती ढिली यंत्रं उंदरातून काढून टाकली, रेव्ह७ वगैरे, तर बीजपेशी तयार व्हायच्या सुरुवातीलाच फार कमी पडतात. सहन करायची सोय नसेल तर वंशच पुढे जात नाही म्हण ना.

किंमत असतेच. प्रत्येक बाळ साधारण साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्मतं, जे आईतही नसतात आणि बापातही नसतात. सहाशे कोटी अक्षरांत साठ-सत्तर. त्यातले पाऊणएक बापाकडून येतात आणि बापाचं वय एका वर्षानं वाढलं की एक-दोन वाढतात, आइसलँडमधल्या कुटुंबांवर २०१२ आणि २०१७ मध्ये झालेल्या मोठ्या कामांतून हे आकडे आलेत. बहुतेक बदलांनी काहीच होत नाही. तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत, सासूबाईंमध्येही आहेत.

आता तुझ्या दोन गर्भपातांकडे येते. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १५ टक्के असे सुटतात आणि तिशी ओलांडली की प्रमाण वाढतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त वेळा क्रोमोसोमची संख्या चुकलेली असते आणि ती चूक बहुतेक वेळा बीज पिकतानाच्या विभागणीत झालेली असते, म्हणजे दिवस राहायच्याही आधी. तू काय खाल्लंस, जिना चढलीस का, लॅपटॉप मांडीवर ठेवलास का, याचा त्याच्याशी संबंध नाही. शुक्राणूंची तुटफूट जास्त असलेल्या जोडप्यांत गर्भपात जास्त दिसतात हे खरं आहे, मी लपवत नाही, पण एका जोडप्याकडे बोट दाखवून 'यानंच झालं' असं कुणीही सांगू शकत नाही, आणि तुमच्या वेळी तर दोन्ही गर्भपात डेंग्यूच्या आधीचे दिसतायत, त्या वेळचा आकडा काय होता कुणाला ठाऊक.

एक्स-रेचं डोक्यातून काढून टाक. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारा डोस ०.०१ मिलिग्रेच्याही (हे रेडिएशनचं माप) आत असतो आणि गर्भाला अपाय व्हायची चर्चा सुरू होते ती १०० मिलिग्रेच्या आसपास, म्हणजे दहा हजार पट. नऊ महिने नुसतं घणसोलीत बसलीस तरी जमिनीतून आणि आकाशातून त्याच्या कितीतरी पट रेडिएशन बाळाला मिळतं. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत पेशी एकमेकींच्या जागी चालतात, काही मेल्या तर बाकीच्या भरून काढतात, त्यामुळे मोठा डोस बसला तरी गर्भ टिकतच नाही किंवा टिकला तर सहसा व्यंगाशिवाय टिकतो.

मग करायचं काय. मिस्टरांनी निदान तीन महिने जाऊ द्यावेत, ताप उतरल्यापासून मोजायचे, आणि मग तीन-चार दिवसांचा गॅप ठेवून त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं टेस्ट पुन्हा करावी. मधल्या काळात एखाद्या चांगल्या यूरोलॉजिस्टला दाखवून व्हेरिकोसील आहे का बघून घ्यायचं, वृषणाच्या शिरा फुगतात ते, हे हातानं तपासून कळतं आणि त्यावर इलाज आहे, आणि मजा म्हणजे आयव्हीएफ सेंटरच्या गडबडीत नवऱ्याला कुणी हात लावून तपासतच नाही, नुसती बाटली देतात. सिगरेट, तंबाखू, गुटखा यातलं काही असेल तर बंद, याला पर्याय नाही. भट्टीपासून लांबची शिफ्ट किंवा जागा काही महिने मिळते का ते सुपरवायझरला विचारायला लाव, कारण सांगायची गरज नाही, डेंग्यूनंतरचा अशक्तपणा म्हणून चालेल की. घरी आल्यावर घट्ट जीन्स घालून गरम पाण्याच्या टबात बसू नये एवढंच, बाकी भेंडीचं पाणी, अश्वगंधा वगैरे व्हॉट्सॲपवरचं राहू दे.

अँटिऑक्सिडंटच्या पॅकेजबद्दल माझं मत विचारलं नाहीस तरी देते. अमेरिकेत मोक्सी नावाची ट्रायल झाली, २०२० मध्ये आली, साधारण १७० जोडप्यांत, काही पुरुषांना व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम वगैरे दिलं आणि काहींना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या, तीन महिन्यांनी डीएनएच्या तुटफुटीत फरक नाही आणि बाळं होण्यातही नाही. त्याच वर्षी दोन हजारांवर जोडप्यांत पुरुषांना फॉलिक ॲसिड आणि झिंक देऊन बघितलं, बाळं काही वाढली नाहीत आणि तुटफूट उलट थोडी जास्त निघाली. त्यामुळे ते पैसे वाचव. तुझं फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेव हं, ते बाळाच्या मणक्यासाठी असतं, त्याचा याच्याशी घोळ करू नकोस.

तुझ्या तपासण्या झाल्यात का तेही तू लिहिलं नाहीस. दोन गर्भपात झाले की थायरॉइड, शुगर, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आणि गर्भाशयाची आतली जागा नीट आहे का एवढं तरी बघतातच, दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातून क्रोमोसोमची तपासणी, करायचं का ते डॉक्टरांना विचार. यातलं अँटिफॉस्फोलिपिड निघालं तर त्यावर औषध आहे, म्हणून ते सुटू देऊ नकोस. आणि देव न करो पण पुन्हा क्युरेटिंगची वेळ आलीच तर काढलेल्या टिश्यूची क्रोमोसोम टेस्ट करायला आधीच सांगून ठेव. मागच्या वेळी ती झाली असती तर आज तुला अर्धी उत्तरं मिळाली असती.

आयव्हीएफ आणि एम्ब्रियोची टेस्ट हवीच असेल तर नक्की काय मिळतं ते समजून घे. ती टेस्ट पाचव्या दिवशीच्या एम्ब्रियोच्या बाहेरच्या थरातल्या, ज्यातून पुढे वार होते त्या भागातल्या, पाच-दहा पेशी घेऊन क्रोमोसोमची संख्या मोजते. शुक्राणूतली तुटफूट त्यात दिसत नाही. म्हणजे ३४ टक्क्यांवर उपाय म्हणून ती विकत असतील तर ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विकतायत. तुला दोनदा आपसूक दिवस राहिलेत, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे, ती त्या सेंटरच्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नसेल. सगळं तपासून, पुन्हा टेस्ट करूनही आकडा चढाच राहिला आणि व्हेरिकोसीलही नसेल, तर मग दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन आयव्हीएफचं बोलणं करा. तोपर्यंत चान्स घ्यायला माझ्या मते हरकत नाही, तुझ्या गायनॅकला विचारून, आणि ३६ ला वर्षभर नुसती वाट बघत बसू नका एवढं मात्र मी म्हणेन.

मिस्टरांचं काय. त्यांना हा लेख वाचायला देऊ नकोस, बायकोनं पेपरात लिहून विचारलं म्हणून आणखी बिघडेल. नुसतं एवढं सांग की तो आकडा शंभरातल्या चौतीस शुक्राणूंचा आहे, तुझा नाही, आणि डेंग्यू आणि दहेजमुळे टेस्ट परत करायचीय. पुरुषांना 'परत करायचीय' हे कळतं, त्यात काहीतरी करायला मिळतं ना. आईला सांगू नकोस म्हणतात तर नको सांगूस, रिपोर्ट त्यांचा आहे, तो कुणाला दाखवायचा हे तेच ठरवणार. पण मग आईनं तुला बोलायचं नाही हेही त्यांनीच बघायचं, हे त्यांच्याकडून स्पष्ट कबूल करून घे. सासूबाईंनी पुन्हा उशिराचं काढलं की उत्तर तू द्यायचं नाहीस, मिस्टरांनी तिथल्या तिथे म्हणायचं की आई, डॉक्टरांनी दोघांच्याही टेस्ट सांगितल्यात, झाल्या की सांगतो. एवढं एक वाक्य त्यांना म्हणता येत नसेल तर आयव्हीएफची इंजेक्शनं तू एकटीनं घ्यायची का याचाही मग तू विचार कर.

टॉवरचं राहिलंच. मोबाईलच्या लहरींत डीएनएचे बंध तोडायची ताकद नसते, एक्स-रेत असते पण तिचंही वर बघितलंस. सोसायटीत टॉवरवरून भांडण चालू असेल तर खुशाल भांडा, मेंटेनन्सच्या पैशांवरून भांडा, पण त्यासाठी घर बदलू नका.